पंचाचा कान

अंबरनाथच्या एका तारेच्या कारखान्यात सुदाम नावाचा फिटर होता. यंत्र कुरकुरायला लागलं की बाकीचे फिटर पाना घेऊन ते खोलायला बसायचे. सुदाम आधी बाजूला उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि मग बोट दाखवायचा, "तिसरं बेअरिंग. दोन दिवसांत जाईल." आणि ते जायचंच. हाच कान घेऊन तो दर रविवारी पांढरी पँट, पांढरा शर्ट चढवून कबड्डीच्या मैदानावर पंच म्हणून उभा राहायचा. कबड्डीत बघायचं काम सगळेच करतात, कडेला उभे राहिलेले हजार लोक फुकटात करतात. पण चढाईला गेलेला गडी एका दमात 'कबड्डी, कबड्डी' म्हणतोय की मधेच श्वास चोरतोय, हे ऐकायला कान लागतो. ठाण्यापासून कर्जतपर्यंत पंच पुष्कळ होते, पण सुदामने हात वर केला की वाद संपायचा.

हे नाव त्याला कुणी आंदण दिलेलं नव्हतं. बाप धोंडिबा काडेपेटीच्या कारखान्यात ओझी उचलायचा. छप्पन्न साली धम्म घेऊन घरी आला तेव्हा सुदाम बारा वर्षांचा होता. धोंडिबाने त्याला समोर बसवून एकच सांगितलं, "आपण सरळ चाललो तरी लोकांना वाकडं दिसतं. म्हणून तू दुप्पट सरळ चाल." सुदाम दुप्पट सरळ चालला. सव्विसाव्या वर्षी खेळताना गुडघा गेला, तेव्हा रडत बसला नाही. ठाण्याला जाऊन पंचाची परीक्षा दिली. पहिल्याच वर्षी एका गावात सामना संपल्यावर बाकी पंचांना कपबशीतून चहा आला आणि याला काचेच्या ग्लासातून. वर ग्लास धुऊन ठेवायला सांगितलं. त्याने मुकाट्याने धुतला. पुढच्या वर्षी त्याच गावाने त्याला पत्र धाडून बोलावलं, कारण अंतिम सामन्याला भांडण नको होतं. चहाचा कप आला तेव्हा सुदामने तो घेतला नाही, एवढाच त्याचा सूड. तर असं एकेक रविवार करून अठरा वर्षांत त्याने नाव जमवलं होतं. दुसरं काही जमवलं नव्हतं.

मग अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर ती लीग आली.

साखळी स्पर्धा म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण मालक लोकांना ते शाळेतल्यासारखं वाटलं असावं. आनंदनगरच्या एमआयडीसीतले पाच कारखाने आणि उल्हासनगरचे तीन, असे आठ संघ. दर रविवारी सामने. कधी अंबरनाथला, कधी उल्हासनगरच्या कॅम्प पाचला, कधी कुळगावला, थेट महाशिवरात्रीपर्यंत. मैदानावर कापडी फलक लागला, 'भव्य हौशी औद्योगिक कबड्डी लीग'. त्या फलकाखाली खेळणाऱ्यांत हौशी माणूस औषधालाही नव्हता. गावोगावच्या मंडळांतून चांगले गडी उचलून आणलेले. हजेरीपटावर हेल्पर म्हणून नाव, पण यंत्र कुठल्या बाजूने चालू होतं ते विचारलं तर सांगता येणार नाही. सकाळी गेटवर पंचिंग करायचं आणि मागच्या शेडजवळ जोर-बैठका काढायच्या. खऱ्या हेल्परांनी त्यांच्या वाटणीचंही काम उपसायचं आणि रविवारी त्यांच्यासाठी टाळ्याही वाजवायच्या.

पहिल्या दोन-तीन रविवारांतच सुदामला या प्रकाराची किळस यायला लागली. एक गडी एका रविवारी निळ्या बनियनमध्ये दिसायचा तो पुढच्या रविवारी लाल बनियनमध्ये. मधल्या सहा दिवसांत त्याची निष्ठा, पगार आणि आडनावसुद्धा बदललेलं असायचं. रघु नावाचा एक दांडगा पकडीचा गडी दुसऱ्याच कुणाच्या ओळखपत्रावर खेळत होता. सुदामने यादीवरून नाव पुकारलं तर हा शांतपणे नाडी बांधत उभा. तिसऱ्यांदा पुकारल्यावर शेजारच्याने कोपर मारलं, तेव्हा त्याला आठवलं की आज आपणच तो. लोक हसले. सुदामने त्याला बाहेर काढलं, तर कमिटीचा माणूस धावत आला, "जाऊ दे ना मास्टर, अ‍ॅडजस्ट करो. सेठ लोग बैठे हैं सामने." सेठ लोक सोफ्यावर बसलेले होते. मैदानाला सोफा आणायची ही पद्धत सुदामने त्या वर्षीच पाहिली. सोफ्याच्या पायाशी, नुकत्याच आखलेल्या फक्कीच्या पांढऱ्या रेषेवर पानाच्या लाल पिचकाऱ्या पडलेल्या असायच्या आणि गडी त्यातच लोळायचे. सुदाम घरी येऊन बायकोला, जनाबाईला म्हणाला, "ह्यांना रेषा कशाला असते तेच ठाऊक नाही. ह्यांना वाटतं थुंकायला आखली." तिने सांगितलं, मग जाऊ नका. पण गेला नाही तर त्याच्या जागी कोण उभं राहील ते त्याला माहीत होतं. म्हणून तो जात राहिला.

या सगळ्या उकिरड्यात त्याला आवडावा असा एकच गडी होता. कुळगावचा जयदेव. आगरी घरातला, बावीस-तेवीस वर्षांचा, रंगाच्या कारखान्याच्या संघातून खेळणारा. पण तो खरोखर कारखान्यात काम करायचा. हातापायांच्या नखांत निळा-जांभळा रंग बसलेला. दोन वर्षं टेंपररी होता. रंगाच्या कारखान्याच्या मालकाने जाहीर केलं होतं की लीग जिंकलो तर जयदेवला कायम करू. बाप वारलेला, घरी आई गोदूबाई आणि जमिनीचा तुकडा भावकीच्या भांडणात अडकलेला, म्हणजे त्याचं सगळं त्या कायम होण्यावर होतं. आणि तो खेळायचा मात्र असा की त्याला जिंकण्या-हरण्याचं काही पडलेलं नाही, नुसतं अंगणात उतरलाय.

तिसऱ्या रविवारी कॅम्प पाचला सामना होता. जयदेव चढाईला गेला, तिघांच्या घोळक्यात सापडला, पायाला मिठी बसली. ओढत ओढत तो मध्यरेषेकडे येत होता, दम संपत आला होता, आणि तेव्हा सुदामच्या कानाने एक शब्द टिपला. कबड्डी नव्हे. "हुतूतू... तूतू... तू." हात रेषेला लागला. लोक ओरडले.

नियम साफ होता. चढाईत शब्द कबड्डीच पाहिजे, आणि स्पष्ट पाहिजे. तो सोडून काही म्हटलं तर पहिल्यांदा ताकीद देऊन माघारी पाठवायचं आणि त्याच सामन्यात दुसऱ्यांदा घडलं तर समोरच्याला गुण. पण हुतूतू हा या खेळाचा जुना शब्द. सुदाम स्वतः लहानपणी वस्तीमागच्या माळावर हाच म्हणत खेळला होता. कबड्डी नंतर आलं, पुस्तकातून आलं. जयदेवच्या तोंडात तो बापाने बसवलेला. शुद्धीवर असेपर्यंत कबड्डी म्हणायचा, पण जीव घशाशी आला की जुना शब्द बाहेर पडायचा. त्या गोंगाटात तो दुसऱ्या कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. सुदामने गुण दिला. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याने कानाआड केलं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. त्या पिचकाऱ्यांत, त्या खोट्या नावांत एक तरी गोष्ट मातीतली आहे असं वाटलं. पुढे आणखी दोनदा तसंच झालं. दोन्ही वेळा त्याने सोडून दिलं.

महाशिवरात्र जवळ आली. अंतिम सामना ठरला, रंगाचा कारखाना विरुद्ध रबराचा कारखाना, पंच सुदाम. गुरुवारी दुपारी पाळी सुटली तर गेटसमोर दौलतराव उभे. हे रबराच्या कारखान्याचे लेबर ऑफिसर आणि संघाचे कर्तेधर्ते. अंगाला अत्तर, तोंडात पान. एकेकाळी स्वतः चांगलं खेळलेले, म्हणून जास्त धोकादायक. त्यांनी सुदामला हॉटेलात नेऊन बसवलं.

"सुदामराव, मी तुमच्याकडे काही मागायला आलेलो नाही," दौलतराव म्हणाले. "उलट पंचाला म्हणतोय, पंचाचं काम करा."

"ते मी करतोच."

"तीनदा नाही केलंत. तो कुळगावचा पोरगा दम संपत आला की काय म्हणतो? कॅम्प पाचला मी रेषेपासून चार हातांवर होतो. मी पण हुतूतूच म्हणत मोठा झालोय हो, मला कळत नाही होय?" त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "पुस्तक उघडा. नियम काय म्हणतो तेवढंच करा. यात कसला गुन्हा?"

सुदामने समोर आलेला चहा बाजूला सारला.

"आणि तुमची अंजनी बारावी झालीय ना? टायपिंगची परीक्षा पण दिलीय म्हणे. आमच्या ऑफिसात एक जागा..."

"माझ्या मुलीचं नाव तुमच्या तोंडून नको," सुदाम म्हणाला आणि उठला.

तो बाहेर आला. लाच मागणारे, देणारे त्याने पाहिले होते. खोटं कर म्हणणाऱ्याला नाही म्हणणं सोपं असतं. हा माणूस त्याला खरं कर म्हणत होता. नियमाप्रमाणे वागलं तर तो दौलतरावांचा माणूस ठरणार होता, आणि नियम सोडला तर अंतिम सामन्यात समजून उमजून लबाडी करणारा पंच. इकडे आड, तिकडे विहीर. आणि आड त्याने स्वतःच खणलेला, त्या तीन वेळा. सगळ्यात घाण वाटलं ते हे की त्या सोफ्यावरच्या गर्दीत कान असलेला दुसरा माणूस निघाला तो नेमका हा.

शनिवारी दुपारी त्याने सायकल काढली आणि कुळगावचा रस्ता धरला. बेत साधा होता. जयदेवला गाठायचं आणि सांगायचं, बाबा रे, मी आजवर सोडलं ती माझी चूक, उद्या सोडणार नाही, जीभ सांभाळ. यात कुणावर अन्याय नव्हता. जयदेवच्या घराच्या वळणाशी पोचला तर तिथल्या भज्याच्या गाडीवर लीगच्या कमिटीतले दोघं उभे. त्यांनी याला पाहिलं नव्हतं. पण बघतील. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी पंच गड्याच्या घरात शिरला, म्हणजे झालंच. आणि त्यातून हा पंच. दुसऱ्या कुणाचं एक वेळ खपलं असतं. सुदामने सायकल वळवली. परत येताना त्याने स्वतःची समजूत घातली की पंचाने गड्याच्या दारी जाऊच नये, हाही नियमच आहे.

रविवारी अंबरनाथच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या डावातच जयदेव एका चढाईत अडकला, आणि शेवटच्या दोन हातांवर त्याचा शब्द घसरला. सुदामने शिट्टी मारली, ताकीद दिली, माघारी पाठवलं. जयदेव त्याच्याकडे बघून हसला. त्याला वाटलं पंच गंमत करतायत. मग त्याने सुदामचा चेहरा नीट पाहिला आणि हसणं थांबलं. त्यानंतर तो बिचकून खेळला. जिभेवर लक्ष ठेवलं की पाय चुकतात. जो पोरगा अंगणात असल्यासारखा खेळायचा, तो परीक्षेला बसल्यासारखा खेळायला लागला. तरीही शेवटचं मिनिट उरलं तेव्हा अठ्ठावीस-अठ्ठावीस होते आणि चढाई जयदेवची होती.

तो गेला. कोपऱ्यातल्या दोघांना शिवला, वळला, आणि तिसऱ्याने कमरेला मिठी घातली. दोघे शिवलेले उलटून आले. जयदेव पालथा पडला आणि तिघांना अंगावर घेऊन मातीतून सरकायला लागला. सुदाम त्याच्या डोक्याशी वाकून उभा. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. रेषा दीड हातावर. कबड्डी. मग आवाज घोगरा झाला, डोळे वर गेले, आणि आतून आलं ते बापाचंच. तूतू. तूतू. हात रेषेला लागला.

मैदान उसळलं. रंगाच्या कारखान्याची माणसं आत धावली. त्या क्षणी सुदामच्या हातात दोन निकाल होते आणि दोन्हींना सारखीच घाण येत होती. पण अठरा वर्षं जो हात कानाचं ऐकत आला, तो डोक्याला विचारायला थांबला नाही. शिट्टी वाजली. जयदेवचे गुण रद्द, रबराच्या कारखान्याला एक. अठ्ठावीस-एकोणतीस.

पुढची दहा मिनिटं माणसांनी लाज सोडली. मातीची ढेकळं आली, चपला आल्या. "विकला गेला," कुणीतरी ओरडलं आणि मग सगळेच ओरडले. एकाने जात काढली. सुदामच्या कानाने तेही तितकंच स्वच्छ ऐकलं. आवाज ओळखीचा होता, त्याने ज्यांना वीस वेळा न्याय दिला होता त्यातल्या एकाचा. याहून वाईट म्हणजे दौलतराव सोफ्यावरून उठून आले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी त्याला मिठी मारली. पानाचा आणि अत्तराचा वास त्याच्या पांढऱ्या शर्टाला लागला. "शाब्बास सुदामराव. पंच असावा तर असा." माइकवरून शाल आणि नारळासाठी नाव पुकारलं. सुदाम मंचाकडे न जाता नळाकडे गेला आणि शर्टासकट डोक्यावर पाणी घेतलं. वास गेला नाही.

आठ दिवसांनी रबराच्या कारखान्याचा शिपाई घरी पत्र देऊन गेला. कुमारी अंजनी हिला ऑफिसात टायपिस्ट म्हणून घेतल्याचं पत्र. सुदामने ते फाडायला घेतलं तर अंजनीने हात धरला. ही त्याचीच मुलगी, सरळ बोलणारी.

"बाबा, तुम्ही पैसे घेतलेत?"

"नाही."

"नोकरी मागितलीत?"

"नाही."

"निकाल नियमाने दिलात ना? मग मी का नको जाऊ? नाही गेले तर आपणच कबूल केल्यासारखं होईल."

"आणि गेलीस तर?"

"तर लोक बोलतील. ते आताही बोलतायत."

जनाबाई चुलीपाशी गप्प बसली होती. तिला नोकरी हवी होती, हे तिच्या गप्प बसण्यावरूनच कळत होतं. अंजनी सोमवारी कामावर रुजू झाली. दौलतराव तिथे तिला कधी वाकडं बोलले नाहीत, जाता-येता वडिलांची चौकशी करायचे. सुदामला ती चौकशी मिठीपेक्षा जास्त लागायची. घरात पगार यायला लागला, छपरावर नवे पत्रे पडले, आणि वस्तीतली माणसं ते पत्रे बघून मान हलवायची. सुदामने शिट्टी पुन्हा तोंडाला लावली नाही. बोलावणी येत होती, दुप्पट येत होती. पण बोलावणारे आता गालात हसून बोलवायचे, हा आपल्यातलाच आहे अशा नजरेने. लीग दोन वर्षांत बंद पडली. मालकांना दुसरा कुठला तरी नाद लागला. सोफे गेले, फलकाचं कापड कुणीतरी पडवीला बांधलं. रघु म्हणे आपल्या खऱ्या नावाने परत गावी गेला. या सगळ्यात सुदामचं नाव जे गेलं ते गेलं.

जयदेवला अर्थातच कायम केलं नाही. पुढच्या पावसाळ्याआधी टेंपररीतूनही काढलं. तो बदलापूरला टेम्पो चालवायला लागला. सुदाम त्याच्या घरी गेला तो तब्बल चार वर्षांनी, त्र्याण्णव साली, अंजनीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. पत्रिका हे निमित्त होतं. या वेळी वळणावरच्या भज्याच्या गाडीवर कोण उभं आहे हे त्याने बघितलंसुद्धा नाही.

जयदेव ओटीवर बसला होता. त्याने सुदामला बसायला चटई दिली. गोदूबाईने कपबशीतून चहा आणला. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर सुदाम म्हणाला, "जयदेव, एक सांगायचं होतं. मी विकला गेलो नव्हतो."

"मना म्हाईत हाय काका," जयदेव म्हणाला. "मी बोललोच व्हतो तसा. माजे तोंडान तो शबुद माज्या बापाशीचा. तुमी बरोबर ऐकलात."

सुदामच्या छातीवरचं ओझं सरकल्यासारखं झालं. चार वर्षांत एवढं एक वाक्य त्याला कुणी दिलं नव्हतं. त्या भरात त्याने सगळंच सांगून टाकलं. दौलतरावांचा चहा सांगितला, शनिवारची सायकल सांगितली, गाडीवरचे दोघं सांगितले, वळण सांगितलं.

जयदेव ऐकता ऐकता सरळ बसला. "म्हंजे तुमी आल्ते? हितवर?"

"हो."

"सांगाला? मना सांगाला का जीभ सांभाल म्हून?"

"हो."

"मंग मी सांभालली असती ना काका. रातभर कबड्डी कबड्डी करीत बसलो असतो." त्याचा आवाज चढला नाही. "मंग फिरलात कशाला?"

सुदामने खाली बघितलं. "लोक काय बोलतील म्हणून."

जयदेवने त्याच्याकडे क्षणभर बघितलं. हिशेब चुकता करायचा त्याचा स्वभाव नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "आनि आता काय बोलतान लोका?"

सुदामने हातातली कपबशी खाली ठेवली. चार वर्षं तो दौलतरावांच्या नावाने तोंड वाकडं करत आला होता, सोफ्यांच्या, पिचकाऱ्यांच्या, खोट्या ओळखपत्रांच्या नावाने थुंकत आला होता. त्या ओटीवर बसल्या बसल्या त्याला पहिल्यांदा स्वतःची शिसारी आली, आणि ती त्या सगळ्यांपेक्षा जास्त होती.